इंदिराबाईंचं थँक्यू

मुरलीधर धांडे पाणी प्यायला उठले होते. एवढंच. कुणावर उपकार करावेत असा काही त्यांचा विचार नव्हता, आणि जेवणानंतरच्या उन्हात तसा विचार सहसा कुणाच्याच मनात येत नाही. जानेवारी महिना, रांझीतल्या घराचं मागचं अंगण, अंगणात चटई, चटईवर पाच किलो मटार आणि मटारच्या ढिगापलीकडे इंदिराबाई. जबलपुरात या दिवसांत मटार सोलले जात नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही. इंदिराबाई एकेक शेंग पार नाकाशी नेऊन आत अळी आहे की काय ते बघत होत्या. धांडे स्वयंपाकघरात गेले, घटाघटा पाणी प्यायले, फ्रिजवर बायकोचा चष्मा पडलेला दिसला, तो उचलला, बाहेर आले आणि तिच्या हातात दिला. "थँक्यू," इंदिराबाई म्हणाल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढची शेंग फोडली.

धांडे उभेच राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या छत्तीस वर्षांत इंदिराबाई त्यांना पुष्कळ काही बोलल्या होत्या. "ठेवा तिथं" म्हणाल्या होत्या, "आता आठवलं का?" म्हणाल्या होत्या, "अख्ख्या बाजारात हेच मिळालं?" असं तर दर आठवड्याला म्हणत. धांड्यांची काही तक्रार नव्हती. त्यांच्या घराण्यात गोड बोलायची पद्धतच नव्हती. कुणी काही चांगलं केलं की त्यात खोट काढायची, म्हणजे ते पोचलं. पहिल्या पगारात त्यांनी आईला लुगडं आणलं तेव्हा पार्वताबाईंनी पदर दोन बोटांत चोळून पाहिला आणि "रंग जाणार रे याचा," म्हणाल्या. मग तेच लुगडं अकरा वर्षं प्रत्येक लग्नाला नेसल्या. वडील, मोतीराम धांडे, बहिणीकडे जेवायला गेले की "वरणात मीठ कमी पडलं" म्हणत आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करत. आत्याला त्यातच सगळं समजायचं, ती डोळे पुसायची. तोंड भरून बोलायचं ते परक्यांशी. घरच्या माणसाला थँक्यू म्हणणं म्हणजे आपल्याच घराच्या दारात चपला काढून "आत येऊ का?" विचारण्यासारखं झालं. आणि इंदिराबाई ते इतक्या सहज म्हणाल्या होत्या, वर मान करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "तुम्ही असे उन्हात काहून उभे राहिले? सावली पडून राहिली मटारवर," असं त्या आता म्हणाल्या तेव्हा धांडे बाजूला सरकले. हे वाक्य ओळखीचं होतं. पण मघाचं राहिलंच.

चौतीस वर्षं धांडे फॅक्टरीत तपासणीच्या सेक्शनला होते. समोर पत्र्याच्या ट्रेमधून माल यायचा, हातात पोलादी गेज असायचं. वस्तू गेजमध्ये सुळकन गेली तर पास, अडकली तर रिजेक्ट. विचार करायचं काम नव्हतं, बोटांना कळायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी बोटं रिकामी राहत नव्हती. पोळीची जाडी, दाराची फट, नळाचं वॉशर, सगळं ते मनातल्या गेजमधून काढत असत. हा शब्द मात्र अडकला. दुपारी पलंगावर आडवे झाले तरी अडकलेलाच. कोण कोणाला म्हणतं थँक्यू? बँकेतल्या मुलीला आपण म्हणतो, रस्ता दाखवणाऱ्याला म्हणतो. एटीएमचं मशीन आपल्याला म्हणतं आणि लगेच कार्ड बाहेर ढकलतं. फोन कंपनीची बाई किती गोड आवाजात "धन्यवाद" म्हणते, की पुढच्या सेकंदाला लाइन कट. आणि मग, नको नको म्हणताना, धांड्यांना निरोप समारंभ आठवला. साहेबांनी शाल पांघरली, हात हातात घेतला आणि "थँक्यू, मिस्टर धांडे, थँक्यू फॉर एव्हरीथिंग," म्हणाले. टाळ्या झाल्या, समोसे झाले. धांड्यांना त्या दिवशी भरून आलं होतं. दुसऱ्या दिवशी लॉकरमध्ये राहिलेला डबा आणायला गेले तर गेटवरच्या ज्या पहारेकऱ्याशी चौदा वर्षं रोज राम-राम होता, तोच आडवा हात धरून म्हणाला, "बाबूजी, कार्ड दिखाइए." कार्ड कुठलं? ते तर शालीच्या बदल्यात आदल्या दिवशीच घेतलेलं. डबा आतच राहिला. स्टीलचा होता, चांगला.

धांडे ताडकन उठून बसले. कारण माळ्यावरची सुटकेस त्यांना आठवली होती, आणि ती आता माळ्यावर नव्हती. गच्चीवर उन्हात उघडी पडली होती. चार दिवसांपूर्वी नागपूरहून मुलीचा, एकताचा फोन आला होता, तिला सातवा महिना संपत आलेला, नोकरी सोडून इकडे येता येत नाही, डॉक्टर तिकडचीच, म्हणून "आई, तूच ये, तीन महिने तरी राहा." इंदिराबाई "पाहते" म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुटकेस खाली आली. आणि काल जेवताना त्यांनी धांड्यांच्या पानात भात वाढता वाढता विचारलं होतं, "तुमचा डबा लावून देऊ का? शर्मिलाताई देतात. घरच्यासारखंच असते." धांडे "हूं" म्हणाले होते. त्या हूंमध्ये काय काय होतं! मला डबा नको. मलापण ने. मी एकटा या घरात कोणाशी बोलू, फ्रिजशी? पण बाळंतपणात पुरुष माणसाचं काय काम, असं कोणी म्हटलं असतं तर? एकता "बाबा, तुम्हीपण" म्हणाली नव्हती. इंदिराबाईही म्हणाल्या नव्हत्या. आणि आज ते थँक्यू. धांड्यांना सगळा हिशोब जुळल्यासारखं वाटलं. म्हणजे आधी फॅक्टरीतून झालं, आता घरातून होतंय. फक्त समोसे तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाई घमापुरच्या बाजाराला निघाल्या तर धांडे बूट घालून दारात तयार. "तुम्ही काहून येऊन राहिले?" त्यांनी विचारलं. "असंच. पाय मोकळे होतील," धांडे म्हणाले. "ई-रिक्षात बसून?" इंदिराबाई म्हणाल्या, पण त्यांनी सरकून जागा केली. धांड्यांना मोजायचं होतं. तपासणीत एक नग पाहून निकाल देत नाहीत, अख्खा लॉट बघावा लागतो. ई-रिक्षावाल्याने इंदिराबाईंची पिशवी खाली उतरवून दिली: "थँक्यू भैया." एक. मलमलचं ठाण काढून दाखवणाऱ्या दुकानदाराला दोन. बाळाच्या टोपड्यांची पिशवी देणाऱ्या मुलीला तीन. रस्त्यात स्कूटी आडवी लावलेल्या कॉलेजच्या पोरीने ती जरा मागे घेतली, तिलाही थँक्यू. म्हणजे आधी अडवलं त्याचं काहीच नाही! गोबीवाल्याने कोथिंबिरीची जुडी वरून हातात दिली तर त्याला "थँक्यू हं, भैया." धांड्यांचा बारीक चेहरा झाला. चढउतार तोच, सूर तोच, हातात वस्तू पडली रे पडली की शब्द बाहेर. फरक एवढाच की गोबीवाल्याला वरून एक 'हं' मिळाला होता, जो काल नवऱ्याला मिळाला नव्हता. ते गोबीवाल्याकडे निरखून पाहू लागले. चांगला मिशाळ, हसतमुख माणूस. "क्या हुआ, बाबूजी? कुछ और दूँ?" त्याने विचारलं. "नाही," धांडे मराठीत म्हणाले. परतीचे दोन धरून सात थँक्यू मोजून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ते घरी आले आणि आत येऊन "या कुठं...?" म्हणाले. "ठेवा तिथं," इंदिराबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या. हे ऐकून धांड्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पिशव्या फ्रिजपाशी ठेवल्या आणि काही कारण नसताना पुन्हा उचलून पुन्हा ठेवल्या. पण त्या काही दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर गणपत रामटेके भेटला. बाजूच्या सेक्शनचा, त्याच वर्षी निवृत्त झालेला, एकाच बसने पंचवीस वर्षं गेलेला माणूस. त्याच्यापाशी धांडे मन मोकळं करणार नव्हते, नुसतं सहज विचारल्यासारखं विचारलं, "गणपत, तुझी बायको तुला थँक्यू म्हणते काय रे?"

गणपतने कप खाली ठेवला. "काहून? काय केलं तू?"

"मी काही नाही केलं. चष्मा दिला."

"कोणाला?"

"तिला. तिचाच चष्मा."

"आणि ती थँक्यू म्हणाली." गणपतने कप आणखी दूर सरकवला. "हे बरं नाही, धांडे. भांडण झालं तर काही नाही, भांडण घरातलं असते. थँक्यू बाहेरचं आहे. अरे, माझ्या सासुरवाडीला मी पंधरा दिवस राहिलो होतो, तेव्हा सोळाव्या दिवशी साळा मला म्हणाला, 'जिजाजी, आले तर बरं वाटलं, थँक्यू.' मी समजलो. दुपारच्या गाडीने निघालो." मग त्याने मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "तू एक काम कर. तूपण म्हण. पाहा काय होते. म्हणजे बॉल तिच्याकडे." धांड्यांना हे पटलं. गणपतचं डोकं सेक्शनमध्येही असंच चालायचं; त्यामुळेच त्याचं प्रमोशन थांबलं होतं, हे मात्र त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

म्हणायचं ठरवणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. घरी येताना धांड्यांनी गल्लीत तीनदा म्हणून पाहिलं. पहिलं कर्कश झालं, दुसऱ्याला एक कुत्रं थबकलं, तिसरं ठीक होतं. तोंडाला मात्र दुसऱ्याचा टूथब्रश चुकून वापरल्यासारखी चव येत होती. आपण कधी कुणाला म्हटलंय का हे, मनापासून? एकता झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सला म्हटलं होतं. इंदिरेला? तिला "कशी आहेस?" विचारायलाही आई खोलीतून बाहेर जायची वाट पाहिली होती, आणि आई गेलीच नव्हती. आई बाजूला बसून डिंकाचे लाडू मोजत होती, आणि आपण भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो, आणि इंदिरा आपल्याकडे पाहत होती. तेव्हा ती किती बारीक होती. एवढ्या वर्षांनी हे मध्येच काहून आठवावं, धांड्यांना कळेना. ते घरात शिरले, हातपाय धुतले, खुर्चीवर ताठ बसले. इंदिराबाईंनी चहा आणला, नेहमीसारखा त्यांच्या हातात दिला. धांड्यांनी घसा साफ केला. "थँक्यू," ते म्हणाले, आणि सवय नसल्यामुळे पुढे म्हणून गेले, "थँक्यू फॉर एव्हरीथिंग."

इंदिराबाईंनी हात पुढे करून आधी धांड्यांच्या कपाळाला लावला, मग गळ्याला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "रिपोर्ट आला काय?"

"कोणता रिपोर्ट?"

"रक्त दिलं होतं ना सोमवारी. काय निघालं? खरं सांगा. माझ्यापासून लपवून राहिले तुम्ही!" आणि धांडे काही बोलायच्या आत त्या वेताच्या मोढ्यावर मटकन बसल्या. "तरीच! तरीच काल बाजारात आले मागे मागे. पिशव्या उचलल्या. मी तेव्हाच म्हटलं, बाप्पा, या माणसाला झालं काय! गोबीवाल्याकडे असे पाहत होते जसं काही शेवटचं पाहून राहिले!" त्यांचा आवाज चिरकला. पदर तोंडाला लागला.

"अगं, साखर जरा वाढली आहे. बस. जिलबी कमी करा म्हणाले," धांडे घाबरून म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला रडताना चारदा पाहिलं होतं आणि चारही वेळा ते कॅलेंडरकडे पाहत राहिले होते. या वेळी कपातला चहा बशीत सांडला. "मी मरून नाही राहिलो, एकताची आई. तूच म्हणाली पहिल्यांदा."

"मी काय म्हणाली?"

"थँक्यू."

"कधी?"

"परवा. चष्मा दिला तेव्हा." आणि एकदा बांध फुटल्यावर धांड्यांना थांबवेना. त्यांनी सगळं सांगितलं. एटीएम, गेटवरचा पहारेकरी, राहिलेला डबा, सुटकेस, शर्मिलाताईंचं टिफिन, गोबीवाल्याचा 'हं'. "तू मला बाहेरच्यासारखं म्हणाली. तुझं काम झालं माझ्याकडून. आता जाशील नागपूरला आणि मी इथं डबा खात बसेन," असं म्हणताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला, आणि त्याची त्यांना लाज वाटली, पण शब्द तर निघून गेले होते.

इंदिराबाईंचं रडणं थांबलं होतं. परवा मटारमध्ये अळी शोधताना बघत होत्या तशाच त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "मला तर आठवतही नाही," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच आठवत बोलल्यासारखं, "हातात दिला ना तुम्ही चष्मा. म्हणून निघालं असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हातात कोणी काही दिलं की निघते ना तोंडातून. गॅसवाला देते, भाजीवाला देते, ते कुरियरवाले देतात. घरात कोण देते मला हातात? घरात तर मीच देते सगळ्यांना." त्यात राग नव्हता. राग असता तर धांड्यांना बरं वाटलं असतं. "तुम्ही छत्तीस वर्षांत पहिल्यांदा दिलं काही माझ्या हातात. सवय नाही ना. बाहेरचं कोणी आहे असं वाटलं असेल हाताला."

"पहिल्यांदा कसं?" धांडे उसळले. तपासणीवाल्याला खोटा आकडा सहन होत नाही. "साड्या आणल्या. दर दिवाळीला."

"आईंच्या हातात दिल्या. आई मला देत."

"अंगठी?"

"तीपण आईंनीच घातली."

"मंगळसूत्र तर मी घातलं!"

"ते गळ्यात. हातात नाही."

धांड्यांनी मनात हिशोब मांडला. आई गेल्यालाही बारा वर्षं झाली होती. मग बारा वर्षं? बारा वर्षं फ्रिजवर. औषधं आणली, फ्रिजवर. तिच्या बहिणीचं पत्र, लाइटचं बिल, गजरा सुद्धा एकदा आणला होता, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, खव्याच्या जिलबीच्या पुड्यासोबत. तोही फ्रिजवर ठेवून "तिथं ठेवलं आहे काही," असं म्हणून ते पेपर वाचत बसले होते. पूर्वी चारचौघांत बायकोच्या हातात काही देणं बरं दिसत नव्हतं. आता घरात चारचौघं नव्हते, दोघंच होते, आणि मधे आईच्या जागी फ्रिज उभा होता. ते उठले. ओट्यावरचा पाण्याचा ग्लास भरला आणि आणून इंदिराबाईंच्या पुढे धरला.

"काय हे?"

"पाणी. रडली ना तू."

इंदिराबाईंनी ग्लास घेतला. "थँक्यू," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून फसकन हसल्या. "पाहा! आपोआप निघते!"

"निघू दे," धांडे गंभीरपणे म्हणाले. लॉट मोठा होता, एका नगाने काही ठरत नव्हतं. त्यांनी मग त्या संध्याकाळी झाकण दिलं, थँक्यू आलं. चिमटा दिला, अर्धं थँक्यू आलं. मिठाचा डबा दिला तेव्हा नुसतं "हं." हळद मागितलीच नव्हती, तीही दिली, त्यावर "अहो, स्वयंपाक करू देता का मला, की नाही?" हे आलं, आणि धांड्यांचा जीव बराच भांड्यात पडला. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये त्यांनी जे चार दिवस घशात धरलं होतं ते एकदाचं म्हणून टाकलं. "मी येऊ का नागपूरला?"

इंदिराबाई फोडणीकडे पाहत होत्या. "मला वाटलं तुम्हाला तुमचं घर सोडून करमत नाही. डब्याचं विचारलं तर हूं म्हणाले."

"ते हूं तसं नव्हतं."

"मग हूं हूं काय करता? तोंड दिलं आहे ना देवाने?" मोहरी तडतडली. "तिथं लंगोट वाळत घालायचे असतात दिवसातून पन्नास. घड्या करून हातात द्यायचे. फ्रिजवर नाही."

"जमेल," धांडे म्हणाले. घड्या एका मापाच्या होतील याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

सकाळी एकताचा फोन आला तेव्हा इंदिराबाई अंगणात उरलेल्या मटारपाशी बसल्या होत्या, फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून. धांडे दारात उभे. "हो ग, दोघंही येतो. काहून म्हणजे? बाबांना काम आहे तिथं," त्या बोलत होत्या, आणि बोलता बोलता एक शेंग त्यांनी डोळ्यांजवळ नेली, डोळे बारीक केले आणि मागे न बघता, काही न मागता, डावा हात नुसता मागे पसरला. धांडे आत गेले. आले. चष्मा त्या हातावर ठेवला. इंदिराबाईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि "बडीशेप भाजून ठेवली का तू?" असं मुलीला विचारत राहिल्या.

धांडे तिथंच थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. काहीच आलं नाही. मग त्यांनी चटईवर बसकण मारली आणि मटार सोलायला घेतले.